चौकटीतलं वचन आणि अख्खा अध्याय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात 'आजचा विचार' म्हणून जी छोटी चौकट येते ती मी न चुकता वाचते, त्यात बऱ्याचदा बायबलमधलं एखादं वचन असतं आणि ते वाचून दिवस सुरू करायची मला सवयच लागलीये. मध्यंतरी एकदा त्यात ईयोब ८:७, म्हणजे ईयोब नावाच्या पुस्तकातल्या ८ व्या अध्यायाचं ७ वं वचन, छापलं होतं. तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार भरभराटीचा होईल, अशा अर्थाचं. हे वचन खूप जणांच्या आवडीचं आहे, कॅलेंडरवर असतं, फ्रेम करून भिंतीवर लावतात, नोकरी लागली की शुभेच्छा म्हणून पाठवतात. तर त्या दिवशी कुणीतरी त्या चौकटीचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिचा मुलगा जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. धीर द्यायचा होता, काय बोलावं सुचत नव्हतं, समोर वचन दिसलं, पाठवलं. आपण सगळेच असं करतो, मीही केलंय.

पण बहिणीने काय केलं, तिने बायबल काढलं आणि तो अध्याय उघडला. मी तिच्या शेजारीच बसले होते. सातवं वचन शोधताना तिचं बोट वरून खाली येत होतं आणि ते चौथ्या वचनावरच थांबलं. तिथे काय लिहिलंय, तर तुझ्या मुलांनी देवाविरुद्ध पाप केलं म्हणून त्याने त्यांना त्यांच्या अपराधाचं फळ भोगायला लावलं. बोलणारा आहे बिल्दद, ईयोबाचा मित्र. आणि ज्याला तो हे ऐकवतोय त्या ईयोबाची दहाच्या दहा मुलं, सात मुलगे आणि तीन मुली, वादळात घर कोसळून एकाच दिवशी गेलेली आहेत. त्या माणसाला तोंडावर 'तुझी मुलं पापी होती म्हणून मेली' असं सांगून झाल्यावर तीनच वचनांनी हा बिल्दद ते गोड वाक्य बोलतो, की तू आता नीट वाग म्हणजे बघ तुझं कसं भलं होतं ते. बहिणीने पुस्तक मिटलं नाही, रडलीही नाही, बोट तसंच तिथे ठेवून बसून राहिली बराच वेळ.

साहेब, मी तक्रार करायला हे पत्र लिहीत नाहीये. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळतेय ती तुमच्या वाचकांपर्यंत पोचावी, खासकरून जे रोज श्रद्धेने बायबल वाचतात त्यांच्यापर्यंत, एवढंच वाटतं. आपण वचनं वाचतो, बायबल वाचत नाही. मोबाईलवर अ‍ॅप आहे, सकाळी एक वचन येतं, आपण आमेन म्हणतो, फॉरवर्ड करतो आणि कामाला लागतो, ते वाक्य कुणाचं, कुणाला, कुठल्या प्रसंगात म्हटलेलं हे बघायला अर्धं मिनिटही थांबत नाही.

आता त्या ईयोबाच्याच पुस्तकाचं बघा. ४२ अध्याय आहेत. सुरुवातीला त्याचे तीन मित्र भेटायला येतात, त्याची अवस्था बघून मोठ्याने रडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसतं. मला तर वाटतं त्या मित्रांनी अख्ख्या पुस्तकात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते सात दिवस. मग ते बोलायला लागतात आणि तिथून सगळं बिघडतं. बोलतात काय, तर ऐकायला अगदी धार्मिक वाटणाऱ्या गोष्टी, देव न्यायी आहे, पाप्याला शिक्षा होते, तू पश्चात्ताप कर. पानंच्या पानं. वेगळं काढून एकेक वाक्य वाचलं तर कुठल्याही प्रवचनात शोभेल असं. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मधे, देव स्वतः त्यातल्या अलीफजला म्हणतो की माझा तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर राग आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ज्या ईयोबाने देवाशी भांडण मांडलं, जन्मलो तो दिवस नाहीसा होवो म्हणाला, त्याच्याविषयी देव म्हणतो की तो योग्य बोलला.

बहिणीने ते पुस्तक अख्खं वाचलं. रोज संध्याकाळी दोन अध्याय, साधारण तीन आठवडे लागले, मधे काही दिवस नुसतं उघडून ठेवलं आणि वाचलं नाही असंही झालं. ४२ वा अध्याय वाचून झाल्यावर तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "ताई, तो बिल्दद चुकला होता, देवानेच सांगितलंय." तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी मला तिचा वाटला. म्हणजे बघा, चौकटीतल्या एका वाक्याने जिथे जखम झाली तिथेच, त्याच पुस्तकाने, पूर्ण वाचल्यावर तिला आधार दिला.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ जणांना माहीत नसते. हे अध्याय आणि वचनांचे नंबर मुळात बायबलमधे नव्हतेच. आज आपण जे अध्याय वापरतो ते १३ व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन नावाच्या इंग्लंडच्या आर्चबिशपने पाडले असं मानतात, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या प्रतीत घातले. शोधायला सोपं जावं म्हणून केलेली सोय आहे ती, आणि फार उपयोगाची सोय आहे. पण प्रेषित पौलाने 'फिलिप्पैकरांस ४:१३' असं काही लिहिलं नव्हतं, त्याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना एक पत्र लिहिलं होतं. पत्र आपण कसं वाचतो, वरून खालपर्यंत वाचतो ना, घरून आलेल्या पत्रातलं मधलंच एक वाक्य उचलून बाकीचं बाजूला ठेवतो का कधी?

आणि ते ४:१३ घ्याच. मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करू शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री, मॅचच्या आधी, इंटरव्ह्यूच्या दिवशी मुलं हे स्टेटसला ठेवतात. ठेवू देत, माझी काही ना नाही. पण हे लिहिणारा माणूस त्या वेळी कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती काही मदत पाठवलीये आणि तो तिची पोच देतोय. आणि त्याच्या आधीच्या दोन वचनांत म्हणतोय की आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय, उपाशी राहणं काय आणि पोटभर मिळणं काय, दोन्ही मला जमतं. म्हणजे ते 'सर्वकाही' म्हणजे उपासमारसुद्धा. जिंकण्याइतकंच हरण्याबद्दलही आहे ते. ज्या मुलाचा परीक्षेत नंबर लागला नाही त्याला हे वचन जास्त लागू आहे, पण त्या दिवशी नेमकं तो ते स्टेटसवरून काढून टाकतो कारण त्याला वाटतं की देवाने शब्द पाळला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आमच्या बायबल वाचायच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कारण चूक त्याची नव्हतीच, त्याला अर्धंच वाक्य कुणीतरी दिलं होतं.

यिर्मया २९:११ चं पण तसंच. तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे विचार आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यावी असे. हे आहे एका पत्रातलं, जे यिर्मया या संदेष्ट्याने यरुशलेमहून, बाबेलात पकडून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक जण सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार. लोकांना तेच ऐकायचं असणार, कुणाला नाही आवडणार! आणि यिर्मया लिहितो, दोन नाही, सत्तर वर्षं. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं होवो म्हणून प्रार्थना करा. आणि मग येतं ते अकरावं वचन. त्या दिवशी ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला परत जाणं दिसणार नव्हतं, त्याच्या नातवंडांना कदाचित. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वचन लहान झाल्यासारखं वाटलं, पण नंतर लक्षात आलं की ते उलट मोठं झालंय. कारण आता मला जे आवडत नाही अशा जागी राहायची वेळ आली तर काय करायचं तेही त्याच पत्रात लिहिलेलं आहे.

पौलाचंच करिंथकरांस पहिलं पत्र, १३ वा अध्याय, प्रीती सहनशील आहे वगैरे, लग्नात वाचतात तो. तो नवराबायकोला लिहिलेला नाही. एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या, गट पाडून बसलेल्या, प्रभुभोजनाला एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र अशा मंडळीला लिहिलेला आहे. मग प्रीती आपलाच हट्ट धरत नाही, चिडत नाही, या शब्दांना केवढी धार येते बघा.

आणि एक प्रसंग तर असा आहे की तो वाचल्यापासून एकटं वचन कुणाला पाठवताना माझा हात थांबतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो, आणि पुरावा म्हणून काय देतो, तर पवित्र शास्त्र! स्तोत्र ९१ मधली ओळ, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल. शब्द बरोबर, वापर चुकीचा. येशू त्याला उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातून, की परमेश्वराची परीक्षा पाहू नको असंही लिहिलं आहे. 'असंही लिहिलं आहे', हे शब्द मी माझ्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलेत.

आता कुणी म्हणेल की एवढा अभ्यास करायला आम्ही काय पंडित आहोत का. मीही नाही. मला ग्रीक येत नाही की हिब्रू येत नाही. पण गोष्ट पूर्ण वाचायला पंडित व्हावं लागत नाही, थोडा वेळ लागतो आणि आळस सोडावा लागतो. आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारावं लागतं की आता यातलं मी उद्या काय करणार. हा दुसरा भाग जास्त अवघड आहे. याकोब त्याच्या पत्रात म्हणतो ना, वचन नुसतं ऐकून न वागणारा म्हणजे आरशात तोंड बघून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरणारा माणूस.

माझंच सांगते. लेवीय हे पुस्तक बहुतेक जण टाळतात, अर्पणं, विधी, कुष्ठरोगाचे नियम, वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं ठरवलेले कितीतरी लोक तिथेच गळतात. पण आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही येशूने सांगितलेली आज्ञा मुळात लेवीय १९:१८ मधली आहे. आणि त्याच अध्यायात पाच वचनं वर, १३ व्या वचनात, काय आहे माहितीये, मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू देऊ नको. मी हे वाचलं त्या दिवशी महिन्याची पाच तारीख होती आणि आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना मी तीन दिवस 'उद्या देते हं' म्हणत होते. पैसे नव्हते असं नाही, पाकिटातच होते, फक्त काढून द्यायचं राहत होतं. त्या बिचाऱ्या काही बोलत नव्हत्या. मी उठले, पैसे मोजले, त्या भांडी घासत होत्या त्यांचे हात ओले होते, म्हणून ओट्यावर ठेवले आणि उशीर झाला म्हणून माफी मागितली. तेव्हापासून एक तारीख चुकवलेली नाही. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली असतील, पण ती तारखेपर्यंत, पाकिटापर्यंत येते हे मला लेवीयाने शिकवलं.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जातंय. माझं आणि माझ्या दादाचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात काही बोलणी झाली, कोण किती आलं, कुणी किती केलं, घराघरात होतं तसंच, पण शब्द लागले होते. मत्तय १८ मधला तो दाखला मी लहानपणापासून ऐकलेला, राजाने चाकराचं प्रचंड कर्ज सोडलं आणि त्याच चाकराने आपल्या सोबत्याला थोडक्या पैशांसाठी गळा धरून तुरुंगात टाकलं. मला नेहमी सांगितलं जायचं की बघ, तुझ्या भावाचा अपराध किती क्षुल्लक आहे, आणि मला मनातून राग यायचा कारण मला तो क्षुल्लक वाटतच नव्हता. मग एकदा आम्ही ग्रुपमधे तो अध्याय नीट घेतला आणि आकडे मांडले. मोठं कर्ज दहा हजार टॅलेंट, लहान कर्ज शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तय २० मधे द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आलेलंच आहे. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे मोठं कर्ज झालं सहा कोटी दिवसांची मजुरी, वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं! फिटणारच नाही असं. पण लहान कर्ज बघा, शंभर दिवस. तीन महिन्यांहून जास्त कमाई. ती काय छोटी रक्कम आहे का? मजुरी करणाऱ्या माणसाला विचारा. येशूने तिथे एखाद दुसरा दिनार म्हटलं नाही, शंभर म्हटलं.

हे कळलं आणि मी रडले, कारण माझं दुखणं खोटं आहे असं येशू म्हणतच नव्हता. शंभर दिवसांची मजुरी बुडालीये हे त्याला मान्य आहे, तरी तो म्हणतो सोड, कारण तुझे दोन लाख वर्षांचे सोडलेत. आणि त्या दाखल्याच्या आधी शिष्य पेत्राने विचारलेलं की किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, त्याला उत्तर सत्तर वेळा सातदा. उत्पत्ति ४ मधे लामेख नावाचा माणूस बायकांसमोर बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट, आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे जे शब्द आहेत तेच मत्तयात येशूच्या तोंडी क्षमेसाठी आलेत. पहिल्या पानांतला तो सूडाचा हिशेब येशू इथे उलटा करतोय.

दादाला फोन लावला. दोन वेळा कट केला मीच, तिसऱ्यांदा वाजू दिला. त्याने उचलला, मी म्हटलं, "दादा, मी बोलतेय." पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "बोल." आम्ही त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो, मुलांबद्दल बोललो, बाबांचा विषय दोघांनीही काढला नाही. सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. पण आता महिन्यातून दोनतीनदा बोलणं होतं.

एक कबूल करते. कधीकधी एकच वचन पुरतं. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला अध्याय वाचायला सांगणं क्रूरपणा होईल. बायबलमधल्या सगळ्यात लहान वचनांपैकी एक म्हणजे योहान ११:३५, येशू रडला. दोन शब्द. मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार आहोत हे माहीत असूनही तो त्याच्या बहिणींसोबत रडला. ज्याने माझ्या बहिणीला फोटो पाठवला त्याने हे दोन शब्द पाठवले असते, किंवा काहीच न पाठवता नुसतं येऊन बसला असता, तर किती बरं झालं असतं. पण यासाठीसुद्धा कुठलं वचन कुठे बसतं ते आधी कळायला लागतं, आणि ते दुःखाच्या दिवशी कळत नाही, आधीच्या साध्यासुध्या दिवसांत वाचून ठेवलेलं असावं लागतं.

आम्ही सातआठ जण गुरुवारी संध्याकाळी बसतो. एक जण अध्याय मोठ्याने वाचतो, मग कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय झालंय, एवढंच आधी विचारतो. शंका असेल तर ती लिहून ठेवतो आणि पाळकांना विचारतो, न पटलं तर परत विचारतो. बिरुया गावच्या लोकांचं प्रेषितांच्या कृत्यांत कौतुक केलंय ते याचसाठी, की पौलासारखा माणूस सांगत असूनही ते रोज शास्त्र उघडून तपासून बघायचे की हे असंच आहे का. आणि एकट्याला कळलं नाही तर त्यात कमीपणा नाही, कृत्ये ८ मधला तो इथिओपियाचा मोठा अधिकारी रथात यशया वाचत होता, फिलिप्पाने विचारलं की वाचताय ते समजतंय का, तर म्हणाला कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल, आणि त्याला वर बोलावून शेजारी बसवून घेतलं.

तुम्हाला विनंती एवढीच आहे. चौकट बंद करू नका, मला ती आवडते. वचनाखाली एक ओळ वाढवा, हे कोण कुणाला म्हणतंय ती. जागा थोडी जाईल, पण बिल्ददाचं वाक्य बिल्ददाच्या नावाने छापलं जाईल.

बहीण आता गुरुवारी यायला लागलीये. पुढच्या वेळी अध्याय निवडायची पाळी तिची आहे. तिने स्तोत्र ८८ सांगितलंय. त्या स्तोत्राचा शेवट अंधारावर होतो, इतर बऱ्याच स्तोत्रांसारखी शेवटी स्तुतीची ओळ नाही. कुणीतरी सुचवलं की लगेच ८९ पण घेऊया, त्याची सुरुवात देवाच्या दयेने होते, म्हणजे जरा बरं वाटेल. ती म्हणाली नको, त्या दिवशी ८८ वरच थांबू.

कळावे,
आपली एक नियमित वाचक